दाराच्या अलीकडे

मंगळवारी दहा ते बारा.
डंडीतल्या चर्चमागचा हॉल, त्यात दोन खोल्या,
मधे एक दार, खाली लाकूड, वर काच.
पलीकडे स्वयंपाक शिकतात.
अलीकडे मी.

माझ्याकडे त्यांची नऊ मुलं,
एक गालिचा, तीन चाकांची बस,
आणि एक वही:
कुणाला अंडं चालत नाही,
कुणाला झोपताना कान चोळून लागतो,
कुणाला ‘आई येते हं’ म्हणायचं नाही,
कारण मग तो दाराकडेच बघत बसतो.

बाहेर नोव्हेंबर. ओले बूट रांगेत.
टे नदीवरचा वारा खिडकीच्या फटीतून
शीळ घालायला शिकतोय, त्याला अजून जमत नाही.

पहिल्या मंगळवारी रुअरी आला,
अकरा महिन्यांची इशबेल छातीशी बांधून.
तिला माझ्याकडे देताना गाठच सुटेना.
मी सोडवली.
तो तसाच उभा,
दोन्ही हात अंगापासून लांब धरून,
जणू चहूकडे भिंतींचा रंग ओला आहे.
“जा,” म्हटलं. “आत कांदे आहेत.”

आत फर्गस शिकवतो.
तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर रांधलेला माणूस,
अजूनही पातेलं एका हाताने धरून ठेवतो,
जमीन हलेल म्हणून.
मसुराचं सूप, बार्ली, लीक, सलगम.
मापं त्याला येत नाहीत, तो म्हणतो,
“दोघांना पुरेल एवढं घ्या,
मग आणखी एक मूठ, न सांगता येणाऱ्यासाठी.”

सेमहारला हे सगळं येतं.
अस्माराच्या घरात बारा माणसांचं करायची ती.
मग कशाला येतेस, मी विचारलं होतं.
म्हणाली, “मला एक कांदा
सुरू करून
संपवायचाय.”

मधेच कुणीतरी रडतं.
लगेच पलीकडच्या नऊही सुऱ्या थांबतात.
एक क्षण.
मग आठ पुन्हा सुरू होतात.
नववी थांबलेली असते, ती कुणाची
ते मला काचेतून न बघता कळतं.

आज मात्र मी बघितलं.
नाहोमला खांद्यावर घेऊन थोपटत होते,
सहज वर पाहिलं तर
शेगडीपाशी रांगेने उभी ती सगळी
डोलत होती.
डावीकडे, उजवीकडे, गुडघ्यात किंचित वाकून,
कडेवर कुणी नाही, हातात पळी,
आणि तरी डोलत होती,
बोझेना, सेमहार, लांबटांग रुअरी,
प्रत्येक आपापल्या लयीत,
कुणालाच पत्ता नाही.
फर्गस तेवढा एकटा स्थिर,
आणि त्याला बहुधा वाटत असणार
की अखेर समुद्र आला.

माझ्या वेळी असं काही नव्हतं.
मी डबे उघडायचे. बीन्स, टोस्ट, बीन्स.
डबा उघडायला एक हात पुरत नाही,
म्हणून तो मांड्यांत धरायचे.
असो.

बारा वाजता दार उघडतं, वाफ आधी येते.
रुअरी हात पुसत, पुन्हा पुसत.
इशबेल त्याची बोटं हुंगते.
तिला ओळखीचा वास सापडत नाही,
कपाळाला आठी घालून ती
नाकाने त्याला परत शोधू लागते,
मनगट, कोपर, शर्टाची कॉलर,
आणि कॉलरपाशी आठी सुटते.

“रडली का?”
वहीत लिहिलंय: चार मिनिटं.
“चार,” मी म्हणते.
“चारच?”
त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता,
पण पूर्ण चेहरा भरेल एवढा नव्हता.

मी वही जरा डोळ्यांजवळ नेते.
“थांब, चष्मा नाहीये माझा,” म्हणते,
“सहा. सहा असावेत ते.”