तारीख

जावई म्हणाला, मामा, राजधानी दाखवा.
अजिंक्यतारा झाला, चार भिंती झाल्या,
तिथून अख्खा सातारा त्यानं मोबाईलात घेतला.

शेवटी राजवाडा. दाराला कुलूप.
फटीला डोळा लावून विचारतो,
इथंच दरबार भरायचा ना?

भरायचा की.
एकोणीस वर्षं आतल्या जिन्यावर बसलोय,
मेढ्याच्या पहिल्या एसटीनं येऊन,
पिशवीत सातबारा अन् भाकरी.
समोर खांबाला डोकं टेकून धाकटा,
तोही त्याच एसटीनं आलेला.
शिपाई पुकारायचा,
पार्टे विरुद्ध पार्टे!
आणि आम्ही दोघं एकदमच उठायचो.

धाकटा गेला परवाच्या शिमग्याला.
लई तेल लावायचा डोक्याला.
खांब सागवानी, डाग जायचा नाही.

सरक जरा, म्हटलं जावयाला,
मला बघू दे.