हरकतीचा अर्ज

सीमा आयोगाच्या साहेबांना, सविनय.
तुमचा नवा नकाशा पाहिला.
वाचनालयात झेरॉक्सच्या यंत्रावर लावलाय तो, इतका उंच
की मला खुर्ची मागावी लागली.

आमचा हॅलोरन मतदारसंघ तुम्ही मोडताय.
रुळांच्या अलीकडचं एकात, पलीकडचं दुसऱ्यात,
आणि नाव कुठेच नाही.
हॅलोरनचं मला काही नाही. जमीन मोजायला आला होता,
साखळी घेऊन दलदलीत उतरला,
ओढ्याला बायकोचं नाव देऊन निघून गेला.
ओढ्याला आधी नाव होतं.
ते ज्यांच्या तोंडी होतं ती माणसं
त्याच्या वहीत नव्हती, आणि पुढे कितीतरी वर्षं
कुणाच्याच मोजदादीत नव्हती.
आंटी मर्ल म्हणते, नाव अजून आहे,
पण नकाशावर डकवायला देणार नाही.

मी माल्टाहून बोटीनं आले, एकवीस वर्षांची,
तेव्हा इथे नजर जाईल तिथवर फ्लॉवरचे मळे होते.
मग टायरचा कारखाना. मग रस्ते, सगळे पक्ष्यांच्या नावांचे,
आणि पक्षी बिचारे गेले.
केस्ट्रेल रोडला घरं आधी झाली, गटारं नऊ वर्षांनी.
तीन निवडणुका आम्ही गटारावर लढलो, साहेब.
एक टली नावाचा उमेदवार तर चिखलात बूट रुतवून
अनवाणी भाषण करून गेला.
एकतीस मतांनी निवडून आला.
त्या एकतीसांत मी होते, असं निदान
दोनशे जण अजून सांगतात.

तुमच्या टिपणात पान सहावर लिहिलंय:
‘या भागात समान हितसंबंधांचा समाज आढळत नाही.’
आढळेल कसा? तुम्ही मंगळवारी आलात.
शनिवारी या. मतदानाच्या.
शाळेच्या फाटकाशी सॉसेज भाजत असतो अच्विल,
कांदे मी चिरते, तव्यावर गुरलीन,
आणि ट्रायको, ज्याचं कुणाशीच पटत नाही,
रांगेतल्या प्रत्येकाला आपल्या वेलीची द्राक्षं वाटतो,
विरोधकांनाही. त्यांना जरा आंबट.
बिक-हान आपल्या आईला शिकवते:
सगळे चौकोन भर, एक ते सात,
नावडत्यालाही आकडा द्यावाच लागतो,
शेवटचा का होईना.
हितसंबंध म्हणाल तर चारशे एकोणीस नंबरची बस.
रविवारी ती येत नाही,
आणि आम्ही पाच भाषांत तिला एकच शिवी देतो.

आता जरा खाजगीतलं.
माझा साल्वु फेब्रुवारीत गेला.
नोव्हेंबरात मतदान झालं, जानेवारीत त्याच्या नावे नोटीस आली:
आपण मत दिलं नाही. समाधानकारक कारण कळवा,
अन्यथा दंड.
कारण होतं. समाधानकारक मात्र वाटेना.
चार वेळा कागद घेऊन बसले.
शेवटी मी दंड भरला.
पावतीवर त्याचं नाव छापून आलं, पत्ता हाच,
मतदारसंघ हॅलोरन.
ती पावती पासपोर्टांच्या डब्यात आहे.

मुलगी म्हणते, आई, घर तर हलत नाहीये.
खरंय. चौदा नंबर जिथल्या तिथे राहील,
लिंबूही, साल्वुनं वाकडा लावलेला नळही.
शीव तेवढी सरकेल. शिवा सरकतातच;
माझ्या माहेरच्या बेटावर किती झेंडे येऊन गेले,
आजीनं ओटा एकदाही हलवला नाही.

म्हणून माझी हरकत आहे की नाही,
हे लिहिता लिहिता माझंच ठरेना.
आहे, असं धरा.
आणि रेघ काढायचीच असेल
तर पेन्सिलीनं काढा.
इथे मतंसुद्धा पेन्सिलीनंच देतात,
सुतळीनं टेबलाला बांधलेल्या,
आणि आजवर कुणी खोडलेली ऐकलं नाही.

आपली,
कार्मेना मिकालेफ.

ता. क. नकाशाखालची ती खुर्ची
उचलू नका. माझ्यामागे अजून रांग होती.