पुन्हा एकपासून

मिरबात सोडलं तेव्हा अंधार होता
आणि झुवैनाच्या मांडीवर दुर्बीण,
झोपलेल्या मांजरासारखी.
"थांब," ती म्हणाली. थांबलो.
कोसभरात तिसऱ्यांदा.
वाळत घातलेल्या तारल्यांवर कुरव उतरले होते.
राखणीचा म्हातारा त्यांना चप्पल दाखवत होता,
फेकत नव्हता.
तिनं वहीत लिहिलं : कुरव, चाळीस.
म्हाताऱ्यासाठी रकाना नव्हता.

तीस वर्षं मी या रस्त्यानं बर्फ वाहिला, मासे वाहिले,
दुक्मपर्यंत, रात्रीचा, काचा वर करून.
खड्डे पाठ, उंटांच्या वाटा पाठ,
कुठल्या टपरीवर चहात वेलची खरी पडते तेही.
समुद्राबद्दल म्हणाल तर
जाताना तो उजव्या हाताला असतो,
एवढंच.

शुवैमियाच्या कड्याखाली पाणकावळे निघाले,
एकामागे एक, पाण्याला पोट टेकवत,
फाटलेल्या काठाला कुणी घाईघाईत
काळा दोरा भरावा तसे.
मीही मोजू लागलो, आपला चाळा म्हणून.
दोनशे अकराला थर्मास कलंडला.
"दोनशे अकरा?"
"आणि थोडी कॉफी."
ती हसली नाही. लिहिलं मात्र : दोनशे अकरा, अधिक.
पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई
अधिकचं चिन्ह उगाच कुणाला देत नाही.

फिलिमच्या पुढे जमीन मिठाची.
पांढरी, सपाट, साळसूद.
"टणक आहे," मी म्हणालो,
तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून,
आणि तीस हातांवर चाकं पोटापर्यंत गेली.
पापुद्र्याखाली काळा चिखल होता,
सडक्या अंड्याच्या वासाचा.
झुवैना काही बोलली नाही.
हे तिचं बोलण्याहून वाईट असतं.
फोनला रेघ नाही. सावली फक्त गाडीची.
आणि भरती सुरू झालेली.

मग ते आले.
आपण होऊन नाही, पाण्यानं त्यांना ढकललं.
आधी ठिपके, मग पाय, मग चोची :
पाणटिवळे शिवणकाम करत,
चिखल्या दोन पावलं पळून काहीतरी विसरल्यासारखे थबकत,
आणि ते काळेपांढरे, सुताराच्या पटाशीसारख्या चोचीचे,
खेकड्यांच्या बिळाबिळाशी उभे.
रोहितांची रांग पार मागे, उन्हात वितळत.
झुवैना ओठ न हलवता मोजत होती.
मीही श्वास मोजून घेत होतो.
सहा हजार चारशेवर ती आली,
आणि एक भोवत्या तिरपा, आळशी, वरून गेला.

सगळा किनारा उठला.
एकदम.
चादर झटकावी तसा एकदा काळा, एकदा पांढरा,
आणि कानात फक्त पंख.

पुन्हा बसले तेव्हा कोण कुठे, काही पत्ता नाही.
"पुन्हा एकपासून," ती म्हणाली,
वर्गाला सांगावं तशा आवाजात.

हुमैद नावाचा पोरगा पिकअप घेऊन आला,
दोर, फळ्या, मागच्या हौद्यात शार्कचं एक लहान पिल्लू.
गाडी ओढण्याआधी त्यानं आमच्याकडे नीट बघून घेतलं.
"याचे पैसे मिळतात?"
"नाही."
पटाशीवाल्यांकडे हनुवटी करून म्हणाला,
"माझी आत्या यांना वसुलीवाले म्हणते.
दारोदार उभे राहतात, घेतल्याशिवाय हलत नाहीत."
झुवैनानं पेन थांबवलं. मग ते लिहून घेतलं,
शेऱ्याच्या जागी.
पैसे घेईना, तेव्हा हलव्याचा डबा दिला.
जाताना त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, उलट्या बाजूनं,
आणि म्हणाला, "लांब गेले की!"

परतताना काचा खाली होत्या.
ती झोपली होती, वही छातीवर, चप्पल एकच पायात,
तिच्या घोट्यावर वाळलेल्या मिठाची रेघ.
तारेवर एक पक्षी बसला होता, एकटाच.
उडाला तेव्हा पंखांतून इतकं निळं उघडलं
की मी गाडी थांबवली.
कुणी सांगितलं नव्हतं.
हळूच वही ओढून घेतली,
आणि माझ्या ट्रकवाल्या अक्षरात लिहिलं :
एक. निळा.
नाव ती उठल्यावर.