एक जास्तीची कळ

सांवेर रोडवर, तिसऱ्या गल्लीत, माझं वर्कशॉप.
पाटीवर 'पिंगले इंजिनिअरिंग'.
आम्ही पिंगळे. पेंटर म्हणाला होता,
भिया, वो वाला ल अपने को नहीं आता.
एकोणीस वर्षं झाली.

ऋजुता टोणगावकर आली ती मार्चमध्ये,
रामबागेतून, स्कूटीवर,
हेल्मेट न काढताच ड्रॉइंग उलगडलं.
कीबोर्डचं कवच. नग एक.
मी पंपांची झाकणं करतो, पाचशे-पाचशे,
एका नगाला सेटिंगमध्येच दिवस जातो.
तरी कागद ठेवून घेतला,
मापं तिनं हातानं लिहिली होती
आणि खाडाखोड कुठेच नव्हती.

साडेतीन किलोचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा.
त्यातला बहुतेक भुसा होऊन बुटांत गेला.
उतार सात अंश, मनगटाला तेवढाच सोसतो म्हणे.
आतून कडेनं खाच, खाचेत रबराच्या चिंचोळ्या पट्ट्या,
त्यांवर पितळेची प्लेट नुसती टेकलेली,
तिला एकही स्क्रू नाही.
हरगोविंद लेथवरून ओरडला, हिलेगी!
हिलनी ही चाहिए, काकाजी.
बोट पडलं की किंचित दबावी,
खाटेवर कुणी येऊन बसल्यासारखी.

पोटाखाली पितळेची वीट, पाऊण किलोची,
तिला आरशासारखं पॉलिश.
म्हटलं, हे तर खालच्या अंगाला. बघणार कोण?
मी, म्हणाली. धूळ पुसायला उचलते तेव्हा.
वहीत मी पॉलिशचे पैसे मांडले नाहीत.
का, ते विचारू नका.

एका रविवारी ती माझ्याच टेबलावर बसली.
घरी भाचा, स्प्रिंगा तोंडात घालतो.
अडुसष्ट स्विच, एकेक उघडायचा,
चित्रकाराच्या ब्रशनं ग्रीस, नखभर,
जास्त झालं की चाल चिकट होते.
संध्याकाळपर्यंत मान वर नाही.

मग कळा मांडल्या, आणि मला ते तेव्हा कळलं.
ल आपल्या घरात. ळ त्याच्या माळ्यावर.
शिफ्टचा जिना धरून ठेवाल तरच खाली येणार.
एक बोट जिन्यावर, एक दारात.
वेळ लिहायला, बाळ लिहायला,
कंटाळा लिहायचा कंटाळासुद्धा.
रात्री ती विम्याची पत्रं मराठीत करते,
शब्दाला चौतीस पैसे.
'मिळेल' मध्ये ळ.
'मिळणार नाही' मध्येही ळ.

म्हणून प्लेटला एक भोक जास्त,
चौदा बाय चौदा, स्पेसबारच्या उजवीकडे,
अंगठा पोचेल तिथं.
आणि त्यावरची कळ पितळेची, मी कोरायची.
पहिली बिघडली. दुसऱ्या वेटोळ्यात कटर घसरला,
ळ डुलकी लागल्यासारखा कलला.
दुसरी जमली.

जुळणी झाली तेव्हा तिनं सगळी मशिनं बंद करायला लावली.
गल्लीतला टेम्पोसुद्धा जाऊ दिला.
मग टाइप केलं.
हरगोविंद डोळे मिटून म्हणाला, कैरम की गोटी, पाउडर वाली.
मी आवाजाकडे नव्हतो.
लॅपटॉपवर 'पिंगळे' होतं.
सात दिवसांत पाटी बदलतो, म्हणालो.
नाही बदलली. जीएसटीला तेच नाव आहे.

बिघडलेली कळ माझ्या ड्रॉवरमध्ये,
मायक्रोमीटरच्या डबीशेजारी.
जाताना तिनं एक स्विच ठेवला, एकोणसत्तरावा,
त्यावर ती बसवली आहे.
जॉब चढलेला असतो, कूलंट वाहत असतो,
वीस मिनिटं हाताला काम नसतं,
तेव्हा दाबतो.
वायर नाही, काही उमटत नाही कुठे.
तिरकाच आहे ळ,
पण खाली जातो, आणि वर येतो.