पंचेचाळीस मिनिटं

डंडीत समुद्रावरून चालत येणाऱ्या धुक्याला
‘हार’ म्हणतात.
एकोणतीस वर्षं शरयू या शब्दाला हसत आली.
यंदाच्या नोव्हेंबरात नाही हसली.

आधी बरणी.
मेतकुटाची, वरच्या फळीवरची.
हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला,
उत्तर ठाऊक नसताना वर्गात वर केलेल्या हातासारखा, अर्धवट.
मग स्वेटर. मग पाठीमागचे हुक.
मग पलंगावरून उठणं:
कुशीवर वळायचं, कोपर रोवायचं, थांबायचं,
आणि देवाचं नाही, माझं नाव घ्यायचं.

डॉक्टर आयला मॅकफी आमच्या धाकटीच्या वयाची.
विचारते, एक ते दहामध्ये किती दुखतं?
शरयू माझ्याकडे बघते.
हे ठणकणं नाही. कळ नाही. चमक तर नाहीच.
पोटरीत गोळा येतो तसंही नाही.
अंग मोडून आल्यासारखं, पण ताप नाही.
“रात्री कुणीतरी दंडांत, मांड्यांत ओलं सिमेंट भरतं,
पहाटेपर्यंत ते वाळतं, असं सांगा तिला.”
मी सांगतो: स्टिफ.
एवढ्या सगळ्याचा एक शब्द केला मी.
वर, “सात,” म्हणतो.
“साडेसात,” शरयू म्हणते.

मग एकेक संशयित.
कोलेस्टेरॉलची गोळी महिनाभर बंद,
तिनंही म्हणे स्नायू धरतात कधी कधी. फरक नाही.
थायरॉइड निर्दोष.
ड जीवनसत्त्व कमी, “पण इथं कुणाचं पुरेसं असतं?”
डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाली.
पावणेचार वाजले होते, सूर्य घरी गेला होता.
स्नायू झिजले की रक्तात जे वाढतं
ते जागच्या जागी.
माझेही काही आरोपी होते:
गादी, बॉयलर, बंद केलेलं तिळाचं तेल,
आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत चोवीस वर्षं
उचललेल्या ओल्या चादरी. त्याचं हे व्याज.
धाकटी फोनवर म्हणाली, टेन्शन.

“सकाळी हे आखडणं किती वेळ टिकतं?
पंचेचाळीस मिनिटांहून जास्त?”
याचं उत्तर मला शब्दकोशाशिवाय येत होतं.
वेणी मी घालतो ना हल्ली.
बातम्या संपतात, हवामान संपतं,
कुणीतरी कुणाला तरी घर विकतं टीव्हीवर,
तेव्हा कुठे मांडीवरचे तिचे हात
कपाकडे निघतात.

रक्त उभ्या नळीत ठेवून
तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते मोजतात.
तिच्या भराभर बसल्या.
“माझ्यासारख्याच,” ती म्हणाली, “बसल्या की बसल्या.”

पॉलिमायाल्जिया रुमॅटिका.
कुंडीत लावायच्या वेलीचं नाव वाटलं मला.
साठीनंतर येतो, का येतो ते नीट कुणालाच माहीत नाही,
खांदे धरतो, कंबर धरतो.
डोकं दुखलं, चावताना जबडा दुखला, नजर अंधारली
तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या नाही.
हे मी फ्रिजवर मराठीत लिहून लावलं,
घाबरताना इंग्रजी वाचता येत नाही.

न्याहारीबरोबर तीन गोळ्या, चिमणीच्या डोळ्याएवढ्या.

तिसऱ्या दिवशी फणी घेऊन आलो
तर ती आरशासमोर उभी, दोन्ही कोपरं वर,
बोटं मानेमागे, न बघता,
तीन पेड एकमेकांवरून टाकत.
“भांग नाकाच्या रेषेत असतो हो,” ती म्हणाली.
“सात आठवडे वाकडा भांग घेऊन
मला अख्ख्या डंडीत फिरवलंत.”

गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत.
वर्ष लागेल, कदाचित दोन,
पायरी पायरीनं उतरायचं.
ती ऐकत नव्हती.
बरणी खाली काढत होती, परत वर ठेवत होती,
परत काढत होती.
मेतकूट दिवाळीतच संपलं होतं.
मी फणी खिशात घातली
आणि चहा टाकायला गेलो.