नाव घालायचं यंत्र

अडतीस वर्षं बोहरी आळीच्या तोंडाशी
खोक्यावर बसून मी लोकांच्या भांड्यांवर नावं घातली.
यंत्र थरथरायचं, मी नाही.
ठिपक्याला ठिपका लागून अक्षर व्हायचं
आणि पातेलं कुणाचं तरी व्हायचं.

आता यंत्र फडक्यात गुंडाळलेलं,
आणि उजव्या हाताचा अंगठा
तर्जनीवर दिवसभर
न दिसणारी गोळी वळत बसतो,
काम मागत असल्यासारखा.

सुरुवात हातापासून नव्हती.
आधी नाक गेलं.
इंदू चिंच लावून हंडा घासायची, शेजारी बसून
मला ना चिंचेचा वास, ना तांब्याचा.
मग अक्षर.
‘सौ.’पासून निघालेली ओळ
‘यांजकडून’ला पोचेतो मुंगीएवढी.
गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, ठिपके महागले का?
मग चेहरा.
नातवाच्या बारशाला फोटोवाला ओरडला,
आजोबा, जरा हसा की!
मी हसत होतो.

डॉक्टरीणबाईंनी चुटक्या वाजवायला लावल्या,
चालायला, वळायला लावलं, मग शब्द सांगितला.
पार्किन्सन्स.
इंदूनं तो घरात आणला आणि
चांदीच्या वाट्यांसारखा कपाटात ठेवला.
शेजारी विचारलं की, अशक्तपणा हो.

मंडईच्या थांब्यावर बस येते,
मागून माणसं चढतात,
माझे पाय डांबरात रुतलेले.
डोकं म्हणतं चल.
पायांना टपाल पोचत नाही.
“सकाळी सकाळीच?” एकजण म्हणाला,
आणि अंगठा तोंडाशी नेऊन
बाकीच्यांना दाखवला.

त्या रात्री फडकं सोडलं.
डब्याच्या झाकणाएवढा पत्रा,
गोळी लागू पडल्यावरचा पाऊण तास,
तेवढाच वेळ माझा.
या गावाला दुसरं काही नाही तरी
पाटी वाचायची सवय आहे.

‘प्यायलेलो नाही. पार्किन्सन्स आहे.
हात हलतो तो निरोपाचा नव्हे.
तोंड रागीट दिसेल, राग नाही.
पाय अडल्यास ओढू नये, ढकलू नये.
उपाय सुचवू नयेत, कारल्याचा रस पिऊन झाला आहे.
थोडं थांबावं. घाई असल्यास पुढं जावं.’

अक्षर खालपर्यंत बारीक होत गेलं.
शेवटची ओळ वाचायला जवळ यावं लागतं.
असू दे. येतील.

इंदूनं पाहिली, बोलली नाही.
सकाळी तिनंच नाडी ओवून
गळ्यात घातली.

कंडक्टरबाईंनी पाटी पुरती वाचली,
डबल बेल मारायचा हात दोरीवरच ठेवला,
खाली उतरल्या आणि स्वतःची चप्पल
माझ्या पायापुढं आडवी धरली.
“ह्याच्यावरनं टाका, काका.”
आणि टाकला की!
सपाट जमिनीवर न उचलणारा पाय
अडथळा दिसला की उचलतो.
हे त्यांना कसं ठाऊक?
“आईला रोज असंच करते,” म्हणाल्या
आणि तिकिटं फाडायला पुढं गेल्या.

शेजारच्या बाकावरचा तरुण
स्वारगेटपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.
उतरताना हळूच म्हणाला,
“एक करून द्याल? वडिलांसाठी.
दोन वर्षं झाली, ते खाली उतरत नाहीत.”
नाव काय घालू?
“नाव नको. नुसतंच लिहा.”

मी म्हटलं, बाळ,
भांड्यावर नाव कशाला घालतात?
शेजारी गेलेलं, लग्नघरी गेलेलं
परत घरी यावं म्हणून.

तो थोडा वेळ बसच्या पायरीवरच.
मागचे खोळंबले, कुणी तरी ओरडलंही.
मग म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
“तापकीर. धोंडिबा तापकीर.”

गुरुवारी या, म्हटलं.
वेळ लागेल.