खंडेनवमी, वर्कशॉप

वणी रोडवरच्या आमच्या आयटीआयात
अकरा वर्षं मी लेथ शिकवली
खडूनं.

हेडस्टॉक, चक, टेलस्टॉक, कॅरेज,
इतकी हुबेहूब काढायचो फळ्यावर
की तास संपला तरी पोरं पुसू द्यायची नाहीत.
खरी मशीन मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.
थ्री फेजचं डिपॉझिट भरलेलं नव्हतं,
मग भरलं, तर मीटर नव्हतं,
मग मीटर आलं, तर फाइल यवतमाळला.
शेजारची जिनिंग रात्रंदिवस धडधडायची,
सरकीचा वास वर्गात यायचा,
तार मात्र आमच्या डोक्यावरून पुढं जायची.

वर्षातून एकदा ताडपत्री निघायची,
खंडेनवमीला.
झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ.
प्राचार्य हात जोडायचे,
शिपाई नत्थूजी खोबरं वाटायचा,
आणि अंधार पडायच्या आत
लेथ पुन्हा झाकली जायची.

जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण.
उद्देश. साहित्य. कृती. निष्कर्ष.
दंडगोल कापला, व्यास मोजला :
चोवीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव मिलिमीटर.
वीस पोरं, वीस जर्नलं,
वीस वेळा चोवीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
आदल्या बॅचचाही तोच. तिच्या आदल्याही.
मी लाल शाईनं सही करायचो
आणि तारीख टाकायचो, मागची.

एका वर्षी फक्त
सगुणा कुमरेनं निष्कर्षात लिहिलं :
“मशीन फिरली नाही. व्यास माहीत नाही.”
दहापैकी चार दिले मी तिला.
सहा कशाचे कापले
ते तिनं विचारलं नाही.

तीन वर्षांनी ती आली, खंडेनवमीलाच,
बुटीबोरीहून, दुपारच्या बसनं.
डाव्या तर्जनीच्या टोकावर भाजल्याचा डाग.
मी डागाकडं बघतोय हे तिनं बघितलं.
“पहिल्या दिवशी चक फिरला
अन् मी मांगंच सरली, सर.
तुमच्या चित्राले आवाज नोता न जी.
निळा कीस गरम असते, हेबी नोतं त्यात.
हात लावून पाह्यला मी.”

मी खोबऱ्याचा तुकडा हातात धरून उभा.

“पट्ट्याच्या झाकणाची चाबी हाय का?”
चावी कुणीच कधी पाहिली नव्हती.
नत्थूजीनं पान्ह्यानं झाकण उचकटलं.
आत पट्टा कोरा, कंपनीचा शिक्का तसाच.
हार काढायला मी पुढं झालो,
तर हळदीखाली गंज,
माझा तळहात कुंकवापेक्षा लाल.

कुंपणाची बाभूळ तोडून तिनं खुंटा तासला,
चकमध्ये आवळला,
चौघांना पट्ट्यावर लावलं :
“वढा. झटका नोका देऊ.
हिरीतून बादली काढता, तसं.”

चक फिरला.
अडला, कुरकुरला, फिरला.
बाभळीची पहिली ढलपी सुटली, ओलसर, गुलाबी.
शेडमध्ये वास पसरला
आमच्या गावच्या सुताराच्या अंगणाचा,
जिथं लहानपणी मला कुणी
रंध्याला हात लावू दिला नव्हता.
हँडलवर कैलास टेकाम होता, तो ओरडला,
“सर, हे हातात थरथरते!”
थरथर.
फळ्यावर ती कुठं काढायची असते
मला अजून माहीत नाही.

संध्याकाळी तेलकागदातून व्हर्निअर काढला.
पोरांनी तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले,
भांडण झालं, पुन्हा मोजलं :
एका टोकाला पंचवीस पूर्णांक तीस,
दुसऱ्या टोकाला सव्वीसच्या वर.
साफ चुकलेलं.
सगुणा बससाठी निघून गेली होती.

कैलासनं जर्नल उघडलं,
पेनचं टोपण दातात धरून विचारलं,
“सर, हेच लिहू,
का नेहमीचं?”

दारात नत्थूजी उभा,
ताडपत्रीची घडी घेऊन.